सांडपाणी कुठं जातं, ते आधी सांगा

माझ्या गाडीला नाव नाही. कॅम्परव्हॅनवाल्या मंडळींत नवं कुणी आलं की पहिला प्रश्न हाच होतो, म्हणून आधीच सांगून टाकते. मारुती ईको आहे, पाच सीटची. मागची सीट दुमडून वर फळ्या टाकल्या की पलंग होतो. मी तिला 'गाडी' म्हणते.

ओळख करून द्यायची आपल्यात एक रीतच पडली आहे. आधी आपलं नाव-गाव. मग गाडीचं नाव, मॉडेल. मग यादी : पलंग सहा बाय चार, छतावर चारशे वॉटचं सोलर, दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, चाळीस लिटरचा फ्रिज, शंभर लिटरची पाण्याची टाकी, मागच्या दाराला शॉवर. मग फोटो : दार उघडं, पडद्यावर पिवळे दिवे, पांघरुणातून बाहेर आलेले दोन पाय आणि पायांपलीकडं समुद्र. खाली एक ओळ, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर'. सगळे वाहवा करतात, खर्च किती आला विचारतात, सुताराचा नंबर मागतात. झाली ओळख.

माझा धंदा हिशेब लिहिण्याचा. सांगलीत छोट्या दुकानदारांच्या वह्या बघते, त्यांचा जीएसटी भरते. दिवसभर जमा आणि नावे या दोन बाजू जुळवणाऱ्या माणसाला अशी ओळख वाचताना एक गोष्ट लगेच खटकते. एक बाजू गच्च भरलेली आणि दुसरी कोरी. शंभर लिटर पाणी गाडीत आलं. मग ते गेलं कुठं?

गाडी काही पाणी पीत नाही. दोन माणसं चार दिवसांत फार तर पंचवीस लिटर पितील, आणि तेही दुसऱ्या वाटेनं बाहेर येणारच. उरलेल्या पंचाहत्तर लिटरची भांडी घासली जातात, आंघोळ होते, दात घासले जातात, तांदूळ धुतले जातात. म्हणजे स्वच्छ शंभर लिटरचं जवळजवळ तेवढंच घाण पाणी होतं. त्यात साबण, तेल, शाम्पू, टूथपेस्ट, मसाला. मी आत डोकावून पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत या पाण्यासाठी टाकी नव्हतीच. सिंकखाली भोक, भोकाला नळी, आणि नळीखाली कुणाचं तरी गाव.

म्हणून मला भांडायचं आहे ते या ओळखीशी. गाडीत काय काय आहे हे सांगणारी आणि गाडीतून काय बाहेर पडतं याबद्दल गप्प बसणारी ओळख खोटी आहे. ती वाचून आपण मोकळे, स्वयंपूर्ण, कुणाचं काही न लागणारे लोक वाटतो. प्रत्यक्षात आपण दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरतो, दुसऱ्याच्या जमिनीवर झोपतो आणि दुसऱ्याच्या दारात घाण ओतून पुढं जातो. याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग बिल कोण भरतं तेही सांगा.

मोकळी जागा नावाची अफवा

आपल्या बोलण्यात एक शब्द फार येतो : 'मोकळी जागा'. सड्यावर मोकळी जागा मिळाली, धरणाच्या कडेला मोकळी जागा होती. महाराष्ट्रात मोकळी जागा नसते. जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, नाहीतर गायरान असते, वनखात्याची असते, देवस्थानाची असते. कुंपण नाही याचा अर्थ मालक नाही असा होत नाही. गुरं चारणाऱ्याला, गवत कापणाऱ्याला, सरपण आणणाऱ्या बाईला ती जागा कुणाची आणि कशासाठी हे पक्कं ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त मॅपवर उपग्रहाचं चित्र मोठं करून आलेल्या आपल्याला.

कोकणातल्या सड्याचंच घ्या, कारण आपल्या फोटोंत तोच सगळ्यात जास्त असतो. वरून तो नुसता काळपट कातळ दिसतो. पण पावसाळ्यात त्याच्या बोटभर मातीत फुलं येतात. रत्नागिरी भागातल्या सड्यांवर माणसानं कोरलेली कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आणि सड्याच्या पोटात जांभा आहे, सच्छिद्र. कोकणात धो धो पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर का येतो, याचं एक कारण हा दगडच. तो पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडून देतो. सड्याच्या उताराला झरा असतो, झऱ्याखाली विहीर असते, विहिरीभोवती वाडी असते. पावसाचं पाणी ज्या वाटेनं खाली जातं त्याच वाटेनं तुमच्या भांड्यांचं पाणीही जातं. त्याला वेगळी वाट कोण करून देणार?

आता भरण्याची बाजू बघा. शंभर लिटर म्हणजे सहा-सात हंडे. मे महिन्यात वाडीवरची बाई सहा-सात हंड्यांसाठी किती खेपा घालते ते एकदा विहिरीच्या काठावर बसून मोजा. आपण तिथं बारा व्होल्टचा पंप सोडतो, दहा मिनिटांत टाकी भरतो आणि रात्री लिहितो, 'गाववाले किती प्रेमळ!' गाववाले प्रेमळ आहेतच. त्यांना नाही म्हणता आलं नाही, असंही असू शकतं.

हसू नका, संडासाबद्दल बोलू

हा विषय काढला की मंडळी खुदकन हसतात आणि फ्रिजकडं वळतात. मी बाई आहे आणि बहुतेक वेळा एकटी फिरते. मला हसून विषय टाळणं परवडत नाही. रात्री दोन वाजता अनोळखी माळावर गाडीतून उतरायचं की नाही, हा प्रश्न मला पलंगाच्या रुंदीपेक्षा पहिल्या दिवसापासून मोठा वाटत आला आहे.

ज्यांच्याकडं काहीच सोय नाही ते झुडपामागं जातात. ज्यांच्याकडं कॅसेटचा संडास आहे ते वीसेक लिटरची कॅसेट भरेपर्यंत निर्धास्त असतात. ती भरली की खरी परीक्षा. त्यात टाकायची निळी औषधं वास मारतात, पण त्यांतली कित्येक जिवाणूही मारतात. सेप्टिक टँक चालतो तो जिवाणूंवर. म्हणजे एखाद्या ढाब्याच्या किंवा घरगुती खानावळीच्या टाकीत न विचारता कॅसेट रिकामी केली, तर आपण जाऊ पुढं आणि टाकी तुंबेल त्यांची. आणि ओढ्यात रिकामी केली तर काय होतं, हे तरी सांगायला नको.

आता एक आठवण करून देते. 'हागणदारीमुक्त गाव' मोहिमेत आपल्याकडं 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली होती. पहाटे सरकारी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहायची, टमरेल घेऊन निघालेल्या गावकऱ्याला अडवायची, कुणाला गुलाबाचं फूल द्यायची, कुणाला गाडीत घालून न्यायची, कुणाला दंड करायची. घरात पाणी नाही, संडास बांधायला जागा नाही, असं सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही लाज वाटायला लावली गेली. त्याच गावाच्या वेशीवर आज आपण पहाटे दार उघडतो, झुडपामागं जाऊन येतो आणि सूर्योदयाचा फोटो टाकतो. आपल्याला कुणी फूल देत नाही. उलट पोरं सेल्फी काढायला येतात.

जिथं ओळख संडासापासून सुरू होते

कुणी म्हणेल, परदेशात बघा कसं मोकळेपणानं फिरतात. बघू या. भटक्यांचा स्वर्ग म्हणून आपल्यातले निम्मे लोक ज्याची स्वप्नं बघतात, तो न्यूझीलंड घेऊ.

तिथं गाडीत कुठंही मुक्काम करायची मोठी परंपरा होती. पर्यटक वाढले तशी समुद्रकिनाऱ्यांवर, तळ्यांच्या काठांवर घाण वाढली आणि स्थानिक लोक चिडले. २०११ मध्ये, रग्बी विश्वचषक तोंडावर असताना, मोकळ्या मुक्कामासाठी स्वतंत्र कायदा आला. तोही पुरेना, म्हणून २०२३ मध्ये तो कडक केला. आता सार्वजनिक जागी गाडीत राहायचं तर सर्वसाधारणपणे गाडी 'स्वयंपूर्ण' असल्याचा दाखला लागतो. दाखल्यासाठी सोलर किती वॉटचं आहे असं कुणी विचारत नाही. गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, आणि पलंग अंथरलेला असतानाही तो वापरता आला पाहिजे. तीन दिवस पुरेल इतकं पाणी हवं, माणशी बारा लिटर. आणि त्या पाण्याचं सांडपाणी साठवायला टाकी हवी.

बारा लिटर आत, बारा लिटर बाहेर धरायची सोय. त्या देशानं माझ्यासारखी वही मांडली आणि दुसरी बाजू कोरी असलेल्या गाडीला स्वयंपूर्ण म्हणायला नकार दिला. त्या हिशेबानं आपल्याकडच्या शंभर लिटरच्या टाकीच्या, मागच्या दाराला शॉवर लावलेल्या दिमाखदार गाड्या नापास होतील. दोन कॅन आणि एक बादली घेऊन निघालेला माणूसही तिथं नापासच होईल, पण निदान त्यानं दोन्ही बाजू लिहिलेल्या असतील.

आणि हे लांबचं वाटत असेल तर शेजारी बघा. गोव्यात बसमधून येणारे लोक किनाऱ्यावर चुली मांडायचे, जेवायचे, उष्टं आणि बाटल्या टाकून जायचे. २०१९ मध्ये तिथं पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्यानं बंदी घातली. आता तुमची छोटीशी गॅसची शेगडी, तुमची ब्लॅक कॉफी, तुमचा जबाबदार स्वभाव, काही विचारात घेतलं जात नाही. दार एकदा लागलं की ते सगळ्यांसाठीच लागतं.

आपण काय ठेवून जातो

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्या गाड्यांवर स्टिकर म्हणून चिकटवलेली असते. विंचवाजवळ नांगीही असते, एवढं लक्षात असू द्या. पण खरंच पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारी माणसं या मुलखात आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहून आपली ओळख पुन्हा वाचून बघा.

धनगरांचा वाडा दिवाळीनंतर देशावरून खाली उतरतो. घोड्यावर संसार, करडं, कोंबड्या, वाघरीची जाळी. वाडा ज्या शेतात रात्री बसतो त्या शेतकऱ्याला तो हवा असतो, कारण मेंढरांच्या लेंड्यांनी आणि मुतानं रान खतावतं. मेंढरं बसवल्याबद्दल शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. पाहुणा राहून गेला की जमीन आधीपेक्षा चांगली होते आणि यजमान वर मोबदला देतो. आता सांगा, तुमची गाडी रात्रभर उभी राहिली त्या जागेला सकाळी काय मिळालं? कुणी तुम्हाला 'पुढच्या वर्षी पण या, आमच्याच रानात बसा' असं म्हणालं का?

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अख्खी बिऱ्हाडं आमच्या सांगली-कोल्हापूरकडं येतात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता चालवायचा. फडाच्या कडेला कोपी. पाणी लांबून, संडास नाही, दिवा असला तर असला. त्यांची पोरं कोपीच्या दारात बसलेली असताना काढलेला फोटो 'मिनिमल लिव्हिंग' म्हणून कुणी टाकत नाही. आपण तीच गोष्ट पैसे खर्चून करतो तेव्हा तिला इंग्रजी नाव मिळतं.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून कितीतरी भटक्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पुढं तो कायदा देशभर पसरला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. कागदावर रद्द झाला, नजरेतून नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती माणसं मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती आणि ती माणसं अनोळखी होती. एवढंच कारण.

आपणही अनोळखी गावात जातो. आपणही पोरांशी बोलतो, त्यांना चॉकलेटं देतो, गाडीत बसवून फोटो काढतो. आपल्याला चहा मिळतो. हा फरक आपल्या चांगुलपणानं पडलेला नाही. गाडीच्या रंगानं, आपल्या बुटांनी, बोलीनं आणि आडनावानं पडलेला आहे. अनोळखी असूनही कुणी संशय घेत नाही, ही सवलत आपल्याला फुकट मिळाली आहे. तिचा वापर करून कुणाच्या तरी झऱ्यावर साबणाचं पाणी सोडणं, हा मला नुसता अस्वच्छपणा वाटत नाही. ते नमकहरामीच्या फार जवळ जातं.

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

'हॉटेलवाले आपल्यापेक्षा जास्त घाण करतात.' काही करतात, आणि त्यांच्याशीही भांडायला हवं. पण हॉटेल ग्रामपंचायतीला कर देतं, त्याला पत्ता आहे, तक्रार करायला दार आहे. आपण सकाळी आठला निघून जातो. तक्रार कुणाकडं करायची? टायरच्या खुणेकडं?

'सरकारनं सोय करायला हवी.' हवीच. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. सांडपाणी आणि मैला नीट रिकामा करता येईल अशी जागा प्रत्येक तालुक्यात मागू या, मी सही करायला पहिली येईन. पण सोय मागायला जाणाऱ्याकडं आधी ती वापरायची टाकी तर हवी. नळी जमिनीवर सोडलेल्या गाडीला रिकामं करण्याची जागा कशाला लागते?

'आपण आहोतच किती!' थोडेच आहोत, म्हणून तर आत्ता बोलते आहे. सवयी सुरुवातीलाच पडतात. नवा माणूस आपल्या ओळखी वाचून आपली गाडी बांधतो. यादीत सोलर दिसलं की तो सोलर लावतो. यादीत सांडपाण्याची टाकी दिसलीच नाही, तर अशी काही वस्तू असते हेच त्याला कळत नाही.

'गाडीत जागा नाही, पैसे नाहीत.' चाळीस लिटरच्या फ्रिजला जागा झाली ना? मग वीस लिटरच्या रिकाम्या कॅनलाही होईल.

तर, माझी ओळख

यापुढं कुणी नवा आला की मी त्याला गाडीचं नाव विचारणार नाही. पाच गोष्टी विचारीन. पाणी कुठून घेता? सांडपाणी कशात धरता आणि कुठं सोडता? संडासाचं काय? मुक्काम करताना कुणाला विचारता? आणि त्या गावात काय ठेवून जाता? तुम्हीही विचारा. उत्तरं येईपर्यंत वाहवा राखून ठेवा. नियम मोडला म्हणून कुणाला हाकलायचं नाही, फक्त कोरी बाजू कोरी दिसू द्यायची.

माझी उत्तरं अशी. वीस-वीस लिटरचे दोन पांढरे कॅन सांगलीतून भरून निघते. वाटेत पाणी लागलं तर वीस लिटरचा जार विकत घेते. मे महिन्यात वाडीच्या विहिरीला हात लावत नाही. सिंकची नळी काळ्या कॅनमध्ये जाते, असे दोन कॅन आहेत. ते मी जिथं राहते त्या घरच्या न्हाणीत, विचारून, रिकामे करते, नाहीतर परत घरी आणते. भांडी आधी कागदानं पुसते, मग धुते, म्हणजे तेल पाण्यात जात नाही. संडास म्हणजे झाकणाची बादली, वर सीट, आत वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा. कोरडं ठेवलं की वास येत नाही. ते सगळं घरी येतं आणि परसातल्या खड्ड्यात वर्षभर पडून राहतं. माळावर एकटी थांबत नाही. अंधार पडायच्या आत कुणाच्या तरी अंगणापाशी जाते, गाडी लावू का विचारते, रात्रीचे तीनशे रुपये आधी देते. घेत नाहीत, तिथं त्यांच्याकडून कोकम, तांदूळ, काजू, जे असेल ते विकत घेते. नाही म्हणाले तर पुढच्या घरी जाते. विचारण्याचा आणखी एक फायदा एकट्या बाईला चांगला कळतो : मी इथं झोपले आहे हे त्या घरातल्या कुणाला तरी माहीत असतं.

काळे कॅन वळणावर डुचमळतात, त्यांना दिवसाआड धुवावं लागतं, आणि त्यांचा फोटो काही कुणी पुन्हा पुन्हा बघणार नाही. तरी ओळखीचा फोटो म्हणून मी त्यांचाच लावते आहे. आता तुमची ओळख येऊ द्या. सोलर किती वॉटचं आहे ते शेवटी सांगितलंत तरी चालेल.